वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यातला गेमिंग संगणक आणि दुसरा मॉनिटर

या उन्हाळ्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत दोन विषय पुन्हा पुन्हा दिसतात. गेम खेळताना संगणक फार तापतो ही एक तक्रार, आणि एका मॉनिटरच्या जागी दोन कसे जोडावेत ही दुसरी विचारणा. वरवर पाहता या दोहोंचा संबंध नसावा असे वाटते. परंतु दुसरा मॉनिटर जोडल्यावर ग्राफिक्स कार्डाचे तापमान गेम बंद असतानाही वाढू शकते, त्यामुळे दोन्ही विषयांवरील निवडक पत्रे एकत्रच घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी भुसावळला राहतो आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या संगणकात इंटेलचा आय-५ १२४००एफ प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. डिसेंबरमध्ये गेम खेळताना कार्ड ६८ अंशांपर्यंत आणि प्रोसेसर ७० अंशांपर्यंत जात असे. आता दुपारी तेच आकडे ८१ आणि ८४ दिसतात. पुण्यातला माझा मावसभाऊ म्हणतो, की ७५ च्या वर गेले की कार्ड जळते. संगणक दुरुस्तीला द्यावा का? आणि तापमान नेमके कोणत्या सॉफ्टवेअरने पाहावे?

उत्तर : आपल्या पत्रात एक आकडा राहून गेला आहे आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, तो म्हणजे खोलीचे तापमान. हवेने थंड होणारा संगणक खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. हीटसिंक, म्हणजे चिपवर बसवलेला धातूच्या पात्यांचा ठोकळा, आणि पंखा मिळून प्रोसेसरची उष्णता खोलीतील हवेत सोडतात, एवढेच त्यांचे काम. त्यामुळे भार तोच असेल आणि पंख्यांचा वेग तोच असेल, तर प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानातील फरक जवळपास कायम राहतो, आणि खोली जितक्या अंशांनी तापते तितक्याच अंशांनी आतला आकडाही वर सरकतो. डिसेंबरात आपल्या खोलीत २६ अंश होते असे धरले, तर कार्ड खोलीपेक्षा ४२ अंशांनी आणि प्रोसेसर ४४ अंशांनी गरम होता. भुसावळला मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ४१ अंश असणे मुळीच अशक्य नाही. तो आकडा धरला, तर आजचे फरक ४० आणि ४३ अंशांचे येतात, म्हणजे डिसेंबरपेक्षा किंचित कमीच. कारण तापमान वाढल्यावर पंखे आपोआप अधिक वेगाने फिरतात. संगणकात बिघाड झालेला दिसत नाही. पुण्यातील खोलीत मोजलेला आकडा भुसावळला लावून मावसभावाने आपल्याला उगाच घाबरवले आहे.

कमाल मर्यादा प्रत्येक भागाची वेगळी असते आणि ती उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात दिलेली असते. आपल्या प्रोसेसरसाठी इंटेलने १०० अंश ही मर्यादा दिली आहे, तर आरटीएक्स ३०६० साठी एनव्हिडियाने ९३ अंश दिले आहेत. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील एक्स गटाचे प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्याच्या हिशेबानेच रचलेले आहेत, त्यामुळे त्यांच्यावर ९५ दिसले म्हणून धास्तावण्याचे कारण नाही. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आणि कार्ड स्वतःहून आपला वेग उतरवतात. याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि त्याचा पहिला परिणाम गेम अडखळण्यात दिसतो. तेवढ्याने तापमान आवरले नाही, तर संगणक स्वतः बंद होतो. सुस्थितीतील कार्ड एखाद्या दुपारी ‘जळून’ जाण्याआधी हे दोन बंदोबस्त आडवे येतात. तरीही रोज तासन् तास मर्यादेला टेकून चालवणे योग्य नव्हे. पंख्यांचे बेअरिंग आणि थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) यांचे आयुष्य त्याने घटते.

आता सॉफ्टवेअरविषयी. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते, मात्र प्रोसेसरचे दिसत नाही. म्हणून एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे आणि सुरू करताना ‘सेन्सर्स ओन्ली’ हा पर्याय निवडावा. जी लांबलचक यादी उघडते तिच्यातील चारच नोंदी आपल्या कामाच्या आहेत : ‘सीपीयू पॅकेज’, ‘जीपीयू टेम्परेचर’, ‘जीपीयू हॉट स्पॉट’ आणि एसएसडीचे तापमान. प्रत्येक नोंदीपुढे सध्याचा, किमान, कमाल आणि सरासरी असे चार रकाने असतात. नवशिका माणूस कमाल रकान्याकडे पाहून दचकतो. पण एखादा गेम लोड होताना प्रोसेसर क्षणभर ९० ला जाऊन परत येतो, त्याला महत्त्व नसते. अर्धा तास खेळल्यानंतर सरासरी कुठे स्थिरावते, ते पाहावे. त्याच यादीत थ्रॉटलिंग झाले का, याचे ‘येस’ किंवा ‘नो’ असे सरळ उत्तरही मिळते. मदरबोर्डच्या एखाद्या सेन्सरवर १२७ अंश किंवा शून्याखालचा आकडा दिसला, तर बहुधा त्या जागी सेन्सर जोडलेलाच नसतो. त्याकडे दुर्लक्ष करावे.

हॉट स्पॉट म्हणजे कार्डाच्या चिपवरील सर्वांत गरम ठिकाण. ते कार्डाच्या सर्वसाधारण तापमानापेक्षा १० ते १५ अंशांनी जास्त असणे नेहमीचे आहे. हा फरक २५-३० अंशांवर गेला, तर थर्मल पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही, अशी शंका घ्यावी. गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे हवे असतील, तर एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारे रिवाट्यूनर वापरता येते. आफ्टरबर्नर इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालते. परंतु तापमान वाचणारी तीन-चार सॉफ्टवेअरे एकाच वेळी चालवू नयेत, कारण तेच सेन्सर सर्वांनी एकदम वाचू लागल्यास आकडे चुकीचे येऊ शकतात.

माझी सूचना अशी, की एक साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ, जिथून हवा आत शिरते तिथे ठेवावा, आणि महिन्यातून एकदा तोच गेम, त्याच सेटिंगवर, अर्धा तास खेळून खोलीचा आणि आतला असे दोन्ही आकडे वहीत लिहावेत. फरक तेवढाच राहिला, तर आतला आकडा कितीही मोठा दिसो, संगणक ठीक आहे. फरकच आठ-दहा अंशांनी वाढला, तर मात्र धूळ, पंखा किंवा पेस्ट यांपैकी काहीतरी बिघडले आहे.

प्रश्न : आमचे घर चोपडा तालुक्यात आहे आणि जवळच जिनिंग आहे. हंगामात रुईचे तंतू घरभर उडतात. संगणक वरच्या पत्र्याच्या खोलीत आहे. दुपारी कार्ड ८७ अंशांवर जाते. मित्रांच्या सांगण्यावरून मी कॅबिनेटची बाजूची झडप काढून पाण्याचा कूलर थेट त्यावर सोडला आहे. हे चालेल का?

उत्तर : चालणार नाही, कूलरचा झोत आजच वळवावा. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत पाण्याचा कूलर खोली चांगली गार करतो आणि गार खोलीचा फायदा संगणकाला पुरेपूर मिळतो, हे खरे. पण थेट झोतात हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंबही येतात. आपल्याकडील बोअरचे पाणी जड, त्यामुळे कूलरच्या जाळीवर जसा पांढरा थर चढतो तसाच तो मदरबोर्डवरही चढू लागेल. गार हवेमुळे आत दव जमेल, ही भीती मात्र बाळगू नये. चालू संगणकाचे भाग हवेपेक्षा गरम असतात आणि गरम वस्तूवर दव धरत नाही. कूलर खिडकीत बसवावा, समोरची खिडकी किंवा दार उघडे ठेवावे, आणि संगणक झोताच्या रेषेबाहेर ठेवावा. पावसाळा सुरू झाला, की हवेतील ओलाव्यामुळे कूलरचा उपयोग तसाही संपतो.

झडप काढून ठेवणे हा इलाज नसला, तरी ती उत्तम तपासणी आहे. झडप लावून एकदा आणि काढून एकदा तापमान मोजावे. काढल्यावर पाच-सहा अंशांहून अधिक उतरले, तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही असे समजावे. फारसा फरक पडला नाही, तर दोष हीटसिंकपाशी आहे. पंख्यांची दिशाही पाहून घ्यावी. पुढचे पंखे हवा आत घेणारे आणि मागचे व वरचे बाहेर टाकणारे असावेत. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असली, तर धूळ फटींतून न शिरता फक्त पुढच्या जाळीवर अडते आणि ती जाळी धुता येते.

रुईची गोष्ट साध्या धुळीपेक्षा वाईट आहे. धूळ पसरून बसते, तर रुईचे तंतू पंख्यातून आत जाऊन हीटसिंकच्या पात्यांवर गोधडीसारखे जमतात, आणि पंखा समोर असल्यामुळे ते बाहेरून दिसतही नाहीत. हंगामात दर महिन्याला आणि एरवी तीन महिन्यांतून एकदा संगणक बंद करून, वायर भिंतीतून काढून, कॅबिनेट अंगणात न्यावे, मऊ ब्रशने तंतू मोकळे करावेत आणि मग ब्लोअर मारावा. ब्लोअर मारताना प्रत्येक पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण हवेने भरधाव फिरलेल्या पंख्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आतल्या भागांना लावू नये. त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

राहिली पत्र्याची खोली. संगणक जेवढी वीज घेतो ती जवळपास सगळी उष्णतेच्या रूपाने खोलीत सोडतो. गेम खेळताना ३०० वॅट घेणारा संगणक बंद खोलीत ३०० वॅटच्या हीटरइतकाच काम करतो. खाली धाब्याची खोली असेल, तर उन्हाळ्याचे दोन महिने संगणक तिथे हलवावा. जाड मातीच्या छताखालची खोली दुपारी पत्र्याखालच्या खोलीपेक्षा पुष्कळ गार असते, आणि वरच्या किमतीच्या प्रोसेसर कूलरनेही तेवढा फरक पडणार नाही. हलवणे शक्य नसेल, तर उष्णता मुळात कमी निर्माण करावी. मॉनिटर ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रे दाखवणारा असताना कार्ड सेकंदाला १४० चित्रे काढत असेल, तर जवळपास अर्धी मेहनत फुकट जाते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधील ‘मॅक्स फ्रेम रेट’ ७५ वर ठेवावा. त्यानेही भागले नाही, तर आफ्टरबर्नरमधील ‘पॉवर लिमिट’ ८० टक्क्यांवर आणावे. खेळातील वेग थोडाच घटतो, तापमान मात्र चांगले उतरते.

प्रश्न : मी शहाद्याचा. रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि एक ग्राफिक्स कार्ड आहे. पहिला मॉनिटर डिस्प्लेपोर्टने कार्डाला जोडला आहे. दुसरा नवा मॉनिटर मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावला, तर ‘नो सिग्नल’ येते. दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड गेला. घरात व्हीजीए केबलवाला एक जुना मॉनिटरही पडून आहे.

उत्तर : मदरबोर्ड बदलण्याची घाई करू नये. मदरबोर्डवरील एचडीएमआय पोर्ट प्रोसेसरमधील अंगच्या ग्राफिक्सवर चालतो, आणि रायझन ५ ५६०० मध्ये ते ग्राफिक्स नाहीत. त्यामुळे तो पोर्ट आपल्या संगणकावर मुकाच राहणार. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असते त्यांचेही असेच. दुसरा मॉनिटर ग्राफिक्स कार्डालाच जोडावा. बहुतेक कार्डांना तीन किंवा चार पोर्ट असतात.

जोडल्यावर विंडोज कळ आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावे. ‘डुप्लिकेट’ निवडल्यास दोन्हीकडे एकच चित्र दिसेल. मग सेटिंग्जमधील ‘डिस्प्ले’ या पानावर १ आणि २ असे चौकोन दिसतात. टेबलावर मॉनिटर जसे मांडले आहेत तसेच ते चौकोन ओढून मांडावेत, नाहीतर माउस उजवीकडे नेल्यावर डावीकडून उगवतो. गेम ज्यावर खेळायचा त्याला मुख्य डिस्प्ले करावे. शेवटी ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन दोन्ही मॉनिटरांचा रिफ्रेश रेट, म्हणजे हर्ट्झचा आकडा, तपासावा. १४४ हर्ट्झचे पैसे मोजून मॉनिटर ६० वरच चालवणारे लोक पुष्कळ आहेत, कारण विंडोज बऱ्याचदा ६० वर सुरुवात करते आणि कोणी ते बदलत नाही. यादीत १४४ दिसतच नसेल, तर केबल किंवा पोर्ट जुन्या पिढीचा आहे. वेगवान मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट द्यावा आणि ६० हर्ट्झच्या मॉनिटरला एचडीएमआय.

जुना व्हीजीए मॉनिटरही वापरता येतो, मात्र व्हीजीए हा अॅनालॉग आणि एचडीएमआय हा डिजिटल, त्यामुळे नुसती केबल चालत नाही. आत रूपांतर करणारी चिप असलेला अॅडॅप्टर घ्यावा लागतो. गप्पांचा चौकोन किंवा तापमानाचे आकडे दाखवायला असा जुना मॉनिटर पुरेसा आहे.

प्रश्न : मी धुळ्यात राहते आणि गेम खेळताना थेट प्रक्षेपणही करते. १६५ हर्ट्झच्या मॉनिटरशेजारी ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर जोडल्यापासून काहीही न चालवता कार्ड ४४ ऐवजी ५६ अंशांवर असते, आणि त्याचे पंखे दर दोन मिनिटांनी सुरू होऊन बंद पडतात. कार्ड बिघडले का?

उत्तर : कार्ड ठीक आहे, आणि आपले निरीक्षणही अचूक आहे. एकच मॉनिटर असताना आणि काम नसताना कार्ड आपल्या मेमरीचा वेग काही हजार मेगाहर्ट्झवरून काहीशेपर्यंत खाली आणते. हा बदल मॉनिटर एक चित्र संपवून दुसरे सुरू करतो त्या सूक्ष्म विरामात करावा लागतो, नाहीतर पडद्यावर लकाकी दिसते. वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे दोन मॉनिटर असले, की दोघांचे विराम एका वेळी येत नाहीत. मग कार्ड मेमरी वरच्या वेगावरच ठेवते, आणि काही न करताही जास्त वीज खाते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये मेमरीचा वेग पाहावा. डेस्कटॉप रिकामा असतानाही तो हजारांत असेल, तर हेच कारण आहे.

प्रथम १६५ चा मॉनिटर १४४ किंवा १२० वर आणून पाहावा. १२० ही ६० ची बरोबर दुप्पट असल्यामुळे अनेकदा एवढ्याने मेमरी खाली उतरते. गेमसाठी पुन्हा वर न्यायचा, हा थोडा कटकटीचा प्रकार आहे, पण पैसे लागत नाहीत. आपल्या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स असतील, तर दुसरा मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला जोडणे हा अधिक चांगला मार्ग. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ते ग्राफिक्स चालू ठेवावे लागतात.

पंख्यांचे म्हणाल, तर आजची बरीच कार्डे साधारण ५० ते ६० अंशांखाली पंखे पूर्ण थांबवतात. धुळ्यात उन्हाळ्यात खोलीच ३८-४० अंशांवर असल्यावर कार्ड नेमके त्या उंबरठ्यावर घुटमळते आणि पंखे चालू-बंद होत राहतात. आफ्टरबर्नरमध्ये पंख्याचा आलेख स्वतः आखून ते ३० टक्क्यांवर सतत फिरते ठेवावेत. आवाज जाणवणार नाही आणि ही उघडझाप थांबेल. दुसऱ्या मॉनिटरवर एचडब्ल्यूइन्फोचा आलेख उघडा ठेवण्याची सोय आपल्याला आता आहेच, ती वापरावी. गेम पूर्ण पडद्यावर असताना माउस पलीकडे जात नसेल, तर गेमच्या सेटिंगमध्ये ‘बॉर्डरलेस’ निवडावे.

प्रश्न : अमळनेर येथून. गाडी चालवण्याच्या गेमसाठी तीन मॉनिटर शेजारी शेजारी लावायचे आहेत. माझे सध्याचे कार्ड एका मॉनिटरवर सेकंदाला ७० चित्रे देते. शिवाय आमच्याकडे वीज वारंवार जाते. ६०० व्हीएचा यूपीएस पुरेल का?

उत्तर : एका फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. तीन मॉनिटरांचे ६२ लाख होतात, आणि १४४०पी या वरच्या दर्जाच्या मॉनिटरवरही ३७ लाखच असतात. चित्रांची संख्या नेमकी तिसऱ्या हिश्श्यावर येते असे नाही, पण ७० वरून ३० च्या आसपास घसरेल असे धरून चालावे, आणि कार्ड पूर्णवेळ कमाल भारावर तापत राहील. एनव्हिडियाचे ‘सराउंड’ किंवा एएमडीचे ‘आयफिनिटी’ वापरून तिन्ही मॉनिटरांचा एकच रुंद पडदा करता येतो. त्यासाठी तिन्ही एकाच आकाराचे आणि एकाच रिफ्रेश रेटचे घ्यावेत. सध्याच्या कार्डावर मी आपल्याला हा खर्च करू नका असेच सांगेन. गेमसाठी एक चांगला मॉनिटर आणि बाकी कामाला एक साधा, एवढे तूर्त पुरे.

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. गेमिंग संगणकाचे ३०० वॅट आणि २४ इंची दोन मॉनिटरांचे २०-३० वॅट प्रत्येकी धरले, तर तो अगदी काठावर येतो आणि वीज जाताच गेम चालू असेल तर सारेच बंद पडण्याचा संभव आहे. किमान १००० व्हीएचा घ्यावा. यूपीएसवर संगणक आणि मुख्य मॉनिटर एवढेच ठेवावेत. दुसरा मॉनिटर आणि स्पीकर साध्या बोर्डवर चालतील. घराला मोठा इन्व्हर्टर असेल, तर त्याच्यावर यूपीएस मोडचा खटका आहे का ते पाहून तो तिकडे करावा, कारण साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा क्षणभराचा वेळही संगणक रीस्टार्ट व्हायला पुरतो.